‘कुठलंही चालेल’ म्हणणारं गिऱ्हाईक

विनिपेगमध्ये कुणाकडे जेवायला गेलं आणि नवीन ओळख झाली, की पानं वाढून होण्याआधी “तुम्ही काय करता?” हे येतंच. समोरचा आयटीत असतो, त्याच्या शेजारचा आयटीत असतो, मग माझी पाळी येते. “मी बंदुकांच्या दुकानात होतो,” म्हटलं की श्रीखंडाची वाटी हातातच राहते. बायका बेसमेंटमध्ये खेळणाऱ्या मुलांना उगाच वर बोलावून घेतात. पुरुष मात्र जेवणं झाल्यावर एकेक करून माझ्याजवळ सरकतात आणि आवाज खाली आणून विचारतात, “काका, सेल्फ डिफेन्ससाठी बेस्ट कॅलिबर कुठलं हो?”

आता मी निवृत्त झालो आहे. तेव्हा या प्रश्नाचं उत्तर एकदाच आपल्या मराठी मंडळाच्या अंकात छापून टाकावं, म्हणजे पुढच्या जेवणांना मला सुखाने मसालेभात खाता येईल, असा विचार करून संपादिकाबाईंना होकार दिला.

आधी माझी पात्रता सांगतो. पुण्याजवळ एका दारूगोळ्याच्या कारखान्यात मी तपासनीस होतो. पट्ट्यावरून काडतुसं सरकत यायची आणि त्यातली वाकडी, चेपलेली, टोपी नीट न बसलेली बाजूला काढायची, हे काम. त्या अनुभवावर कॅनडात नोकरी मागायला गेलो तेव्हा मुलाखत घेणारी माणसं खुर्ची जराशी मागे घ्यायची. शेवटी वॉल्टरने मला घेतलं. वॉल्टर म्हणजे आमच्या दुकानाचा मालक. आजोबा युक्रेनहून आलेले, स्वतः कमी बोलणारा, बर्फ पडला तरी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालणारा. त्याने माझ्यापुढे मूठभर काडतुसं ठेवली आणि खराब कुठलं ते विचारलं. मी दाखवलं. “मंडे,” एवढंच तो म्हणाला.

दुकानात निम्म्या जागेत मासेमारीचे गळ, बूट आणि हरणांना बोलवायच्या शिट्ट्या होत्या. उरलेल्या जागेत बंदुका, आणि काउंटरच्या काचेखाली पिस्तुलं. येणारी बहुतेक माणसं शेतकरी आणि शिकारी. त्यांना काय हवं ते घरून ठरवून यायचे, घ्यायचे, हवेबद्दल दोन वाक्यं बोलायचे आणि जायचे. काउंटरवर ताटकळत उभा राहायचा तो आपला देशी माणूस.

तर कॅलिबर. कॅलिबर म्हणजे नळीच्या भोकाची रुंदी, म्हणजे पर्यायाने गोळीची जाडी. अमेरिकन लोक ती इंचाच्या भागात मोजतात, युरोपातले मिलिमीटरमध्ये. आणि आपण ज्याला सरसकट गोळी म्हणतो ते काडतूस. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. उडते ती फक्त गोळी. पुंगळी तिथेच तुमच्या पायाशी पडते. हे सांगितलं की बरेच जण नाराज होतात, कारण सिनेमात त्यांनी अख्खं काडतूस उडताना पाहिलेलं असतं.

मोठं कॅलिबर चांगलं की छोटं, यावर लोकांनी इंटरनेटवर आयुष्यं घालवली आहेत. माझं मत दोन वाक्यांचं आहे. मोठी गोळी जास्त इजा करते आणि हाताला जास्त धक्का देते, त्यामुळे ती भलतीकडेच जाते. लागलेली छोटी गोळी न लागलेल्या मोठ्या गोळीपेक्षा बरी. काडतुसांत ढोबळ प्रकार दोन. एकाच्या गोळीला पूर्ण तांब्याचा झगा असतो, ती सरावासाठी, लक्ष्य फोडून सरळ पार जाते. दुसरीचं टोक पोकळ असतं, ती लागली की उमलते आणि आतच थांबते. अमेरिकेतले लोक स्वतःच्या बचावासाठी दुसरी घेतात, कारण पहिली चोराला भेदून ड्रायवॉलची पातळ भिंत ओलांडते आणि शेजारच्या खोलीत तुमचीच मुलं झोपलेली असतात. विनिपेगमधली घरं कशाची बांधलेली आहेत हे तुम्हाला माहीत आहेच.

झालं उत्तर. आता त्याचा उपयोग काय ते सांगतो. काहीही नाही.

नागपूरचा नितीन नावाचा एक मुलगा होता. नवीन घर घेतलेलं, शेजारच्या गल्लीत चोरी झालेली. आला आणि काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, “काका, मला थर्टी टू पाहिजे. होम डिफेन्ससाठी. माझ्या मामांकडे आहे ना काटोलला, सेम तसं.”

आपल्या लोकांची ही एक हमखास चूक. भारतात साध्या परवान्यावर नऊ एमएम मिळत नाही, बत्तीसचं मिळतं. म्हणून प्रत्येकाच्या मामांकडे बत्तीसचंच असतं आणि तेच सभ्य माणसाचं पिस्तूल असा समज असतो. इथे बरोबर उलटं. नऊ एमएम चालत होतं आणि बत्तीसच्या पिस्तुलांवर, थोडेफार अपवाद सोडले, तर बंदी. नितीनने एका वाक्यात एक बंदी घातलेली वस्तू मागितली होती आणि ती कायद्याला नामंजूर असलेल्या कारणासाठी मागितली होती.

“अरे बाबा,” मी म्हटलं, “इथे पिस्तूल नेमबाजीसाठी मिळतं, संग्रहासाठी मिळतं. बचावासाठी म्हणालास तर मला तुला दार दाखवावं लागेल.”

“पण मग चोर आला तर?”

“पिस्तूल रिकामं आणि कुलपात ठेवायचं. चोराला सोफ्यावर बसवायचं, पाणी विचारायचं, खाली जाऊन कुलूप काढायचं, काडतुसं शोधायची, भरायची आणि वर यायचं. तोवर तो थांबला तर.”

नितीनने काउंटरवरचं कोपर काढलं. मग “काका, मोशन सेन्सरवाला लाइट कुठे मिळेल?” म्हणाला. मी त्याला समोरच्या हार्डवेअरच्या दुकानात पाठवलं. माझ्या नोकरीत मी सर्वांत जास्त विक्री त्या हार्डवेअरच्या दुकानाची केली.

आता करंबेळकर. ज्यांच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते गिऱ्हाईक.

अरविंद करंबेळकर वीज खात्यात इंजिनिअर होते. मूळचे सांगलीचे. विनिपेगच्या मराठी मंडळात त्यांची ख्याती प्रश्नांसाठी. गणपतीच्या आरासीचा थर्मोकोल कुठून आला इथपासून ते हॉलच्या फायर एक्झिटपर्यंत त्यांना सगळ्याची माहिती लागायची. कॉलेजात असताना एनसीसीत नेमबाजी केलेली, ती हौस निवृत्तीच्या तोंडावर उफाळून आली. रीतसर कोर्स केला, परवाना काढला, क्लबचं सभासदत्व घेतलं आणि मग पिस्तूल घ्यायला आमच्याकडे आले. आले म्हणजे येत राहिले. हिमवर्षाव सुरू झाला तेव्हा पहिल्यांदा आले होते आणि खरेदी झाली तेव्हा दुकानासमोर लोक गाड्यांचे विंटर टायर काढत होते.

नऊ एमएमचा धक्का किती? पंचेचाळीसचा किती? मनगटाला संधिवात असेल तर? ही पुंगळी पुन्हा भरता येते का? थंडीत दारूचा जोर कमी होतो का, उणे तीसला किती? हात लावून पाहू का? वास घेऊ का? शेवटी “समजा” सुरू झालं. “जगताप, समजा, फक्त समजा. कायदा मोडायला विचारत नाहीये, ज्ञान म्हणून विचारतोय. बचावासाठी कुठलं काडतूस प्रभावी?”

त्यांच्या पत्नी शुभदाताई दर वेळी बरोबर असायच्या. गळांच्या विभागात आम्ही एक घडीची खुर्ची ठेवली होती, ती पुढे पुढे त्यांचीच झाली. वॉल्टर त्यांना कॉफी करून द्यायचा, गिऱ्हाइकाला त्याने कॉफी दिलेली मी दुसऱ्या कुणाच्या बाबतीत पाहिली नाही. त्या हसून म्हणायच्या, “जगतापभाऊजी, तुम्ही वैतागू नका. आमचं ठरत होतं तेव्हा ह्यांनी माझ्या वडिलांना आमच्या विहिरीचं पाणी कुठल्या महिन्यात आटतं ते विचारलं होतं. वडील म्हणाले, मुलगा चौकस आहे, देऊन टाकू.”

अखेर त्यांनी नऊ एमएम घेतलं, म्हणजे मी पहिल्या दिवशी सुचवलेलं. पुढे दर महिन्याला सरावाची काडतुसं घ्यायला यायचे. प्रत्येक वेळी दोन-तीन कंपन्यांची खोकी उघडून, पुंगळ्या उजेडात फिरवून, मागच्या वेळच्या काडतुसांबद्दल तक्रार नोंदवून, मग एक मोठं खोकं न्यायचे. मला ते आवडायचं. मी कारखान्यात जे पोटासाठी केलं ते हा माणूस हौसेने करत होता.

काही वर्षांपूर्वी सरकारने पिस्तुलांची खरेदी-विक्री गोठवली. ज्यांच्याकडे होती त्यांच्याकडे राहिली, नवीन बंद. आमची काच रिकामी झाली, वॉल्टरने तिथे हातमोजे मांडले. काडतुसं विकणं तेवढं चालू राहिलं. त्याच सुमारास शुभदाताई आजारी पडल्या आणि फार दिवस काढले नाहीत. त्यांच्या दिवसकार्याला आम्ही सगळे गेलो होतो. करंबेळकरांनी त्या दिवशी सगळ्यांना जेवलात का विचारलं, थंडीत इंजिन गोठू नये म्हणून गाडी प्लग-इन केली का विचारलं. माणूस सावरला, असं आम्ही एकमेकांत म्हणालो. मुलगी मृणाल मॉन्ट्रियलला नोकरीत, ती परत गेली.

त्यानंतर ते दुकानात यायचे थांबले. क्लबमधल्या एकाकडून कळलं की सभासदत्वही चालू ठेवलेलं नाही. मला वाटलं, हौस संपली असेल.

जानेवारीतली दुपार होती. दुकानात मी आणि मागच्या खोलीत वॉल्टर. करंबेळकर आत आले, टोपी काढली नाही. काउंटरपाशी येऊन म्हणाले, “नऊ एमएम. एक खोकं.”

“कुठलं देऊ?”

“कुठलंही चालेल.”

आमच्या धंद्यात शिकवतात की जास्त विचारणाऱ्या गिऱ्हाइकाकडे लक्ष ठेवा. वॉल्टरचं शिक्षण वेगळं होतं. तो म्हणायचा, काहीच न विचारणाऱ्याकडे बघ. मी तोवर ते कधी मनावर घेतलं नव्हतं, कारण आमचे शेतकरी काहीच विचारत नसत. पण हे करंबेळकर होते. या माणसाने आयुष्यात कोथिंबिरीची जुडी ‘कुठलीही’ घेतली नसेल.

“क्लबच्या रेंजवर जायला लागलात का परत?” मी विचारलं.

“हं.”

“सभासदत्व संपलंय ना?”

ते माझ्या मागच्या फळ्यांकडे बघत राहिले.

“जेवलात का?”

“जगताप, खोकं द्या.”

मी म्हटलं, “संपलंय.”

माझ्या मागे जमिनीपासून छतापर्यंत नऊ एमएमच होतं. करंबेळकरांनी ते पाहिलं. मीही वळून पाहिलं, म्हणजे दोघांनी मिळून पाहिलं.

“हे काय आहे मग?”

“ते सगळं बुक झालंय.”

इतकं भिकार खोटं मी कधी बोललो नव्हतो. ते रागावतील, माल कुणी बुक केला ते विचारतील असं वाटलं, अगदी विचारावं असंच वाटत होतं. ते नुसते उभे राहिले. मग मात्र मी आडवळण सोडलं. काउंटरवरून पुढे वाकून सरळ विचारलं, “करंबेळकर, जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात आहे का?”

ते माझ्याकडे बघत म्हणाले, “तुमचं काम विकायचं आहे. विका.”

“तुम्हाला नाही विकणार. पिस्तूल इथे आणून ठेवा, वॉल्टर पावती देईल. मी येतो बरोबर, आत्ता.”

“मला वेडा ठरवताय?” आवाज चढला, वॉल्टर बाहेर आला. “तुम्ही स्वतःला समजता कोण? साधे दुकानातले नोकर!”

आणि गेले. वॉल्टरने झालेला प्रकार ऐकला आणि कोपऱ्यातल्या घडीच्या खुर्चीकडे बघितलं. “कॉल,” म्हणाला.

मी आधी मृणालला फोन लावला. सगळं सांगितलं. ती ऑफिसात होती, दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “काका, पण ते रोज फोनवर म्हणतात, आय ॲम फाइन, मी मस्त आहे. काल तर पोहे केले म्हणाले. मी विकेंडला यायचं बुक करत होते. विकेंडपर्यंत थांबलं तर... नाही, नको थांबायला. तुम्ही जे करायचं ते करा. प्लीज. मी मिळेल त्या फ्लाइटने येते.”

मग मी पोलिसांना फोन केला. आपल्या माणसावर पोलीस पाठवताना कसं वाटतं ते मला विचारू नका. लगेच त्यांच्या घरी जाऊन बेल वाजवली, तर कुणी नव्हतं. ड्राइव्हवेवर गाडीही नव्हती. बर्फात टायरच्या खुणा तेवढ्या होत्या. तेवढ्यात पोचलेले पोलीस म्हणाले, तुम्ही घरी जा, आम्ही थांबतो.

संध्याकाळी करंबेळकर परतले तेव्हा दारात पोलिसांची गाडी होती. दोघे अधिकारी होते, सभ्यपणे बोलले, बूट काढून आत गेले. पिस्तूल घेतलं, परवाना घेतला आणि करंबेळकरांना हॉस्पिटलात नेलं. गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांचे पडदे हलत होते, असं नंतर समोरच्या मराठी घराने सगळ्या विनिपेगला सांगितलं. त्याच रात्री मृणाल पोचली.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात गेलो आणि त्यांना म्हटलं, “पोलिसांना मी सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं.”

“उपकार झाले,” ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत.

मृणालने त्यांना मॉन्ट्रियलला नेलं. तिथे डॉक्टर झाले, औषधं झाली, आठवड्याला एका समुपदेशक बाईंपुढे बसून बोलणं झालं. हिवाळा संपल्यावर ते आपल्या घरी परत आले. इकडे मंडळात माझ्यावर खटला चालला होता. आपल्यातल्या आपल्यात मिटवता आलं नसतं का? म्हाताऱ्या माणसाच्या दारात पोलीस? कार्यकारिणीच्या निवडणुकीत करंबेळकरांनी मला पाडलं होतं, त्याचा मी सूड घेतला, असाही एक मतप्रवाह होता. मी निवडणुकीला उभाच राहिलो नव्हतो, पण मतप्रवाहाला त्याचं काही नव्हतं.

मला वाईट वाटलं. फार वाटलं. पोलिसांऐवजी आपणच तिथे बर्फात उभं राहायला हवं होतं, त्यांच्याशी अजून बोलायला हवं होतं, असं अजून वाटतं. गणपतीत करंबेळकर माझ्या पुढच्या रांगेत बसतात आणि प्रसाद माझ्या हातात असेल तर दुसऱ्या स्वयंसेवकाकडून घेतात. पहिल्या वर्षी मी घरी येऊन गप्प बसलो तेव्हा माझी बायको सुनंदा म्हणाली, “नाही बोलत ना? नको बोलू देत. न बोलायलाही माणूस असावा लागतो.” मग तिने गरम आमटी वाढली आणि मी जेवलो.

पण एक टोचणी राहिलीच होती. त्या दिवशी मी बरोबर होतो की एका दुःखी माणसाची उगाच बेअब्रू केली, हे मला कधीच कळलं नाही. कदाचित ते खरंच परत नेमबाजी सुरू करणार असतील. कदाचित त्या दिवशी त्यांना प्रश्न विचारायचा कंटाळा आला असेल. खराब काडतूस मी बाजूला काढायचो ते डोळ्यांना दिसायचं. इथे दिसण्यासारखं काही नव्हतं.

इथपर्यंत लिहून झाल्यावर मी लेख मृणालला पाठवला. नाव बदलू का, की लेखच नको, ते बाबांना विचार म्हटलं. काल तिचा फोन आला. ती इथेच आली आहे, वडिलांकडे.

“काका, मी पूर्ण वाचून दाखवला. नाव बदलायचं नाही म्हणतात. एनीवे सगळ्यांना कळणारच आहे म्हणे. पण एक गोष्ट राहिलीय, ती घाला म्हणतात.”

“कुठली?”

“तुमच्याकडून निघाल्यावर ते दुसऱ्या दुकानात गेले होते. हायवेवरच्या. तिथे त्या दिवशी मालाची मोजणी होती म्हणून लवकर बंद केलं होतं, दारावर पाटी होती. ते पार्किंगमध्ये खूप वेळ बसले. मग उद्या सकाळी उघडलं की यायचं ठरवून घरी आले. काका, मला पण हे आत्ताच कळलंय.”

फोनमध्ये मागे कुठेतरी नळ चालू होता, भांडी वाजत होती. मग नळ बंद झाला आणि करंबेळकरांचा आवाज आला. माझ्याशी नाही, मुलीशी बोलत होते.

“त्यांना म्हणावं, सांगितलं तसंच लिहा.”

तसंच लिहिलं आहे.